मिल्टन ॲबे : वाड्यासमोर नको म्हणून उठवलेल्या गावाची गोष्ट

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट नावाची काउंटी आहे, म्हणजे आपल्याकडे जसा जिल्हा तसं. तिथल्या ब्लँडफर्ड या बाजारगावापासून दहा-अकरा किलोमीटरवर, टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यात मिल्टन ॲबे हा वाडा उभा आहे. वाड्याला लागून मोठं जुनं चर्च आहे. भोवती हिरवंगार कुरण, मधेमधे झाडांचे पुंजके, उतारावर दाट रान. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ही जागा आधीपासूनच अशी मोकळी असणार.

पण तसं नाही. आज जिथं हे कुरण आहे तिथं अडीचशे वर्षांपूर्वी एक नांदतं बाजारगाव होतं. वाड्याच्या मालकाला ते खिडकीसमोर नको होतं, म्हणून त्यानं वीसेक वर्षं खपून अख्खं गाव उठवलं आणि टेकडीपलीकडच्या घळीत नवीन गाव बांधून दिलं. ते नवं गाव म्हणजे आजचं मिल्टन ॲबस. ते इंग्लंडमधल्या सगळ्यात सुंदर खेड्यांपैकी एक मानलं जातं आणि लोक लांबून फोटो काढायला येतात. त्या फोटोमागचा इतिहास असा आहे.

आधी मठ, मग वाडा

या जागेची सुरुवात इ. स. ९३३ च्या सुमारास झाली. इंग्लंडचा राजा ॲथेलस्टन यानं इथं धर्मस्थान स्थापन केलं. ९६४ मध्ये ते बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंकडे गेलं आणि मठ झाला. मठाला जमिनी मिळाल्या, जमिनीवर कुळं आली, आणि मठाच्या दाराशी हळूहळू वस्ती वाढली. त्या वस्तीला मिडलटन किंवा मिल्टन म्हणत.

१३०९ मध्ये वीज पडून मठाचं जुनं चर्च जळालं. नवीन बांधायला घेतलं, पण ते पुरं कधी झालंच नाही. त्यामुळे आजही हे चर्च उंचीला भव्य दिसतं, पण लांबीला अर्धवट. १४९८ मध्ये मठाधिपती विल्यम मिडलटन यानं मोठं दिवाणखान्यासारखं दालन बांधलं. कोरीव लाकडी छताचं हे दालन अजून शाबूत आहे.

पुढे राजा आठवा हेन्री आणि पोप यांचं बिनसलं. हेन्रीनं देशभरातले मठ बंद केले आणि त्यांच्या जमिनी ताब्यात घेऊन विकायला काढल्या. मिल्टनचा मठ १५३९ मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षी, १५४० मध्ये, सर जॉन ट्रेगनवेल यानं १,००० पौंडांना ही मालमत्ता घेतली. हा राजाचा वकील. हेन्रीच्या पहिल्या घटस्फोटाच्या कामातही तो होता.

ट्रेगनवेल घराण्याची एक गोष्ट तिथं अजून सांगतात. घरातला पाच वर्षांचा मुलगा चर्चच्या छपरावरून खाली पडला. त्या काळी लहान मुलांनाही घेरदार झगे घालत. झग्यात हवा भरली, वेग कमी झाला आणि पोरगं वाचलं. मोठेपणी त्यानं आपला ग्रंथसंग्रह चर्चला देऊन टाकला.

इंग्लंडमध्ये अशा मालमत्तेला ‘मॅनर’ म्हणत. त्यात फक्त घर येत नव्हतं. वाडा, भोवतालची शेती, रान, तलाव आणि गावातल्या बहुतेक घरांची मालकी हे सगळं त्यात धरलेलं असे. म्हणून मॅनर विकला की गावाचा मालकही बदलायचा.

नवा मालक आला

१७५२ मध्ये मिल्टन जोसेफ डेमर याच्याकडे आलं. डेमरकडे आयर्लंडमध्ये सावकारीवर गब्बर झालेल्या एका पूर्वजाचा पैसा होता. बायको लेडी कॅरोलाइन ही डॉर्सेटच्या ड्यूकची मुलगी. स्वतः डेमर खासदार होता आणि त्याला मोठा सरदार व्हायचं होतं. १७५३ मध्ये त्याला लॉर्ड मिल्टन हा किताब मिळाला आणि १७९२ मध्ये तो डॉर्चेस्टरचा अर्ल झाला.

किताबाला शोभेल असा वाडा हवा. डेमरनं जुन्या मठाच्या इमारती पाडल्या, फक्त १४९८ चं ते दालन ठेवलं आणि त्याच्याभोवती नवीन वाडा बांधायला घेतला. आधी जॉन वार्डी हा वास्तुविशारद होता. त्याच्यानंतर सर विल्यम चेंबर्स आला. हा राजाच्या मर्जीतला माणूस, पुढे लंडनचं समरसेट हाऊस बांधणारा. त्याचं आणि डेमरचं जमलं नाही. डेमर उद्धट आहे आणि सगळ्यांशी वाईटच वागतो, असं चेंबर्सनं पत्रात लिहून ठेवलं आहे. शेवटी आतलं काम जेम्स वायट यानं पूर्ण केलं.

वाडा झाला, पण त्याच्या अंगणाला लागूनच गाव होतं.

कसं होतं ते गाव

जुनं मिल्टन म्हणजे चार झोपड्यांची वाडी नव्हती. शंभराहून जास्त घरं, अनेक गल्ल्या, बाजार भरायची जागा आणि तिथला दगडी क्रूस. खाणावळी होत्या, दारू गाळायची भट्टी होती. १५२१ मध्ये मठाधिपतीनं सुरू केलेली शाळा होती आणि तिथं बाहेरगावचीही मुलं राहून शिकत. गरीब म्हाताऱ्यांसाठी १६७४ मध्ये बांधलेली धर्मशाळा होती. रविवारी सगळं गाव मठाच्या त्या मोठ्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमायचं.

थोडक्यात, आसपासच्या खेड्यांना बाजाराला, शाळेला, कामाधंद्याला जावं लागतं तसं हे मधलं गाव होतं.

डेमरला मात्र यात अडचण दिसायची. चुलींचा धूर, बाजाराचा गलका, गुरं, दारासमोरून चाललेली माणसं. शाळेतली पोरं तर वाड्याच्या बागेत घुसून काकड्या चोरतात, अशी तक्रार असल्याचं स्थानिक इतिहासात सांगतात.

‘नैसर्गिक’ बाग कशी तयार होते

त्याच काळात इंग्लंडमध्ये बागेची नवीन फॅशन आली होती. आधीच्या बागा रेषेत आखलेल्या, सरळ रस्ते, कापून चौकोनी केलेली झुडपं अशा असत. नवीन पद्धतीत बाग दिसलीच नाही पाहिजे असा हट्ट होता. सगळं निसर्गानंच केल्यासारखं दिसायला हवं.

या पद्धतीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे लॅन्सलॉट ब्राऊन (१७१६–१७८३). नॉर्थम्बरलंडमधल्या किर्कहार्ल या खेड्यातला हा मुलगा माळीकामापासून वर आला आणि १७६४ मध्ये राजाचा मुख्य माळी झाला. जमीन बघितली की मालकाला म्हणायचा, इथं ‘केपेबिलिटी’ आहे, म्हणजे या जागेचं काहीतरी होऊ शकतं. तेच त्याचं नाव पडलं, केपेबिलिटी ब्राऊन. दीडशेहून जास्त ठिकाणी त्याच्या हातचं काम आहे.

शेतकऱ्याला त्याच्या कामातल्या युक्त्या लगेच कळतील.

पहिली, पाणी. तो ओढ्याला मातीचा बांध घालायचा आणि पाणी मुरू नये म्हणून तळाशी चिकणमाती ओली करून तुडवून बसवायचा. शेततळ्याला आज जे काम प्लॅस्टिकचा कागद करतो, ते तेव्हा ही माती करायची. काठ मुद्दाम वळणावळणाचा ठेवायचा आणि बांध झाडीत लपवायचा, म्हणजे तलाव नदीसारखा दिसतो.

दुसरी, झाडं. मोकळ्या कुरणात झाडं एकेकटी न लावता पुंजक्यानं लावायची. सगळ्यात बाहेरून झाडीचा जाड पट्टा, म्हणजे शेजारचं शिवार, रस्ता, वस्ती काही दिसत नाही.

तिसरी, चर. वाड्यासमोर कुंपण दिसायला नको, पण गुरं-मेंढ्या हिरवळीवर यायलाही नकोत. म्हणून खोल चर खणायचा, वाड्याकडच्या बाजूला सरळ दगडी भिंत आणि पलीकडे उतार. जनावर उताराला येतं, पण भिंत चढू शकत नाही. वाड्यातून बघताना चर दिसतच नाही, जणू मेंढ्या हिरवळीवरच चरताहेत. याला इंग्रजीत ‘हा-हा’ म्हणतात. जवळ गेल्यावर अचानक खड्डा दिसून माणूस दचकतो, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

आणि मेंढ्या फुकटात गवत कापायच्या. लोकर आणि मटणाचे पैसे वेगळे. बाग म्हणून बघितली तर बाग, आणि हिशेबानं बघितलं तर चराऊ रान.

१७६३ पासून ब्राऊन मिल्टनला यायला लागला. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना रान, तळाशी मोकळं कुरण आणि मधे चर्च आणि वाडा, असं चित्र त्यानं मांडलं. त्या चित्रात गावाला जागा नव्हती.

गाव कसं उठवलं

डेमरनं एका रात्रीत बुलडोझर फिरवला असं झालं नाही. तसं त्याला करताही आलं नसतं, कारण पुष्कळ घरं भाडेपट्ट्यानं दिलेली होती.

इंग्लंडच्या त्या भागात ‘आयुष्यावरचा’ भाडेपट्टा चालायचा. पट्ट्यावर बहुधा तीन माणसांची नावं लिहिलेली असत. त्यातलं एक जरी हयात असेल तोवर घर कुळाकडे. तिसरं माणूस गेलं की पट्टा संपला आणि घर मालकाचं.

डेमर थांबला. ज्यांचा पट्टा संपेल त्याचं घर पाडायचं, नवीन पट्टा द्यायचा नाही. जे पैसे घेऊन पट्टा सोडतील त्यांना पैसे द्यायचे. एकेक घर पडत गेलं. शेजारची दोन-चार घरं पडली की मधल्या घरात राहणाराही कंटाळायचा. बाजार ओसरला, खाणावळी बंद झाल्या. १७७० आणि १७८० च्या दशकांत गाव संपत आलं.

पुनर्वसनाचा कायदा नावाची गोष्ट तेव्हा नव्हती. पट्टा संपलेल्या कुळाला घर दिलंच पाहिजे, असं मालकावर बंधन नव्हतं. आणि कायदे करणाऱ्या पार्लमेंटमध्ये बसायचे ते बहुतेक जमीनदारच, स्वतः डेमरसुद्धा.

वकील हॅरिसन हलला नाही

गावात विल्यम हॅरिसन नावाचा वकील राहायचा. त्याच्याकडे पक्का पट्टा होता आणि पट्ट्यात काय लिहिलंय हे त्याला नीट माहीत होतं. त्यानं जागा सोडायला साफ नकार दिला.

त्याचं घर सखल जागी होतं. वरच्या बाजूला मठाच्या काळातला तलाव होता. डेमरनं त्या तलावाची दारं उघडायला लावली आणि पाणी हॅरिसनच्या घरात शिरलं, असं तिथल्या इतिहासात सांगितलं जातं. हॅरिसननं कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. तो हयात असेपर्यंत त्याचं घर पाडता आलं नाही. भोवतालचं गाव सपाट झालं, तरी त्याचं घर लॉर्डसाहेबांच्या खिडकीसमोर तसंच उभं.

हॅरिसन लॉर्डपेक्षा मोठा नव्हता, श्रीमंतही नव्हता. त्याच्याकडे कागद होता आणि तो वाचता येत होता. बाकीच्यांपैकी कितीतरी जणांना आपल्या पट्ट्यावर कोणाची नावं उरली आहेत हे माहीत असेल, पण कोर्टात उभं राहायची ऐपत नव्हती.

नवीन गाव : ३६ घरं, एक रस्ता

१७७३ च्या सुमारास नव्या गावाचं काम सुरू झालं आणि १७८० पर्यंत बहुतेक घरं झाली. आखणीत ब्राऊन आणि चेंबर्स दोघांचाही हात मानला जातो. जागा निवडली ती वाड्यावरून दिसणार नाही अशी, टेकडीच्या कुशीतली अरुंद घळ.

एकच रस्ता, चढणीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एकसारखी ३६ घरं. भिंती चिकणमाती, पेंढा यांच्या मिश्रणाच्या, म्हणजे आपल्या पांढरीच्या घरांची चुलत बहीणच म्हणा. वर जाड शाकारलेलं छप्पर. प्रत्येक घरासमोर हिरवळ आणि दोन घरांच्या मधे एकेक हॉर्स चेस्टनटचं झाड. आज या भिंती पांढऱ्या आहेत, पूर्वी पिवळ्या असायच्या.

बाहेरून एक दिसणारं प्रत्येक घर खरं तर दोन कुटुंबांसाठी होतं. पुढचा दरवाजा एकच, आत डावीकडे एक कुटुंब आणि उजवीकडे दुसरं. ३६ घरांत ७२ कुटुंबांची सोय. टापटीप होती, घरं नवीन होती, हे खरं. पण बाजार आला नाही. जुन्या गावाचं बाजारगावपण तिथंच संपलं आणि मिल्टन हे वाड्याचं खेडं झालं.

१६७४ ची धर्मशाळा उचलून १७७९ मध्ये नव्या रस्त्याच्या मध्यावर आणून बांधली. तिच्या समोर गावासाठी नवीन छोटं चर्च बांधलं, ते १७८६ मध्ये खुलं झालं. याचा अर्थ असा की मठाचं मोठं चर्च, जिथं गावाच्या पिढ्यान्‌पिढ्या लग्नं लागली, ते आता वाड्याचं खासगी झालं. चर्चशेजारची जुनी दफनभूमी सपाट करून तिथं हिरवळ केली. वाडवडलांच्या थडग्यांवरचे दगडही गेले.

शाळा हलवायला मात्र वेळ लागला, कारण ती जुन्या देणगीवर चालणारी संस्था होती. शेवटी १७८५ मध्ये पार्लमेंटचा खास कायदा करून ती ब्लँडफर्डला नेली. गावातल्या पोरांची शाळा दहा-अकरा किलोमीटर लांब गेली.

असं करणारा डेमर एकटा नव्हता

त्या शतकात इंग्लंडमध्ये बऱ्याच जमीनदारांनी बागेसाठी गावं हलवली. ऑक्सफर्डजवळ न्यूनहॅम कोर्टने इथं अर्ल हारकोर्ट यानं १७५६ नंतर जुनं गाव उठवून हमरस्त्याकडेला दोन रांगांत घरं बांधली. १७७० मध्ये ऑलिव्हर गोल्डस्मिथ याची उजाड गावावरची प्रसिद्ध कविता छापून आली, ती न्यूनहॅमवरूनच सुचली असं बरेच अभ्यासक मानतात. गाव हलवणारा हा हारकोर्ट १७७७ मध्ये त्याच मालमत्तेतल्या एका विहिरीत पडून मेला. विहिरीत पडलेल्या कुत्र्याला काढायला गेला होता.

डेमरचं पुढे काय झालं

ज्या दिवसांत वाडा आणि बाग आकार घेत होती, त्याच दिवसांत डेमरचं घर आतून मोडत होतं. १७७५ मध्ये बायको गेली. चर्चमध्ये तिचं संगमरवरी स्मारक आहे. ती निजलेली आणि शेजारी कोपरावर रेलून तिच्याकडे बघणारा डेमर. आराखडा रॉबर्ट ॲडमचा, शिल्प ऑगोस्टिनो कार्लिनीचं. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १७७६ मध्ये, थोरला मुलगा जॉन यानं कर्जापायी लंडनमध्ये स्वतःला गोळी घातली.

डेमर १७९८ मध्ये वारला. बाकीच्या दोन मुलांनाही मूल झालं नाही. १८२९ मध्ये मुलगी लेडी कॅरोलाइन गेली आणि मालमत्ता लांबच्या नातेवाइकांकडे गेली. ज्या घराण्याच्या नावासाठी गाव उठवलं, त्याचा थेट वंश ३१ वर्षांत संपला.

१८५२ मध्ये डेन्मार्कहून आलेला बँकर कार्ल योकिम हॅम्ब्रो यानं वाडा विकत घेतला. त्यानं १८६५ मध्ये सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्याकडून मठाचं चर्च दुरुस्त करून घेतलं. १९३२ मध्ये हॅम्ब्रो घराण्यानं मालमत्ता तुकड्यांनी विकली. १९५४ मध्ये वाड्यात निवासी शाळा सुरू झाली. ज्या जागेवरून पोरांची शाळा घालवली, तिथंच १६९ वर्षांनी पुन्हा शाळा आली.

आज काय उरलं आहे

जुन्या गावातलं एक शाकारलेलं घर बागेत एका कडेला अजून आहे. बाजारातल्या क्रूसाचा दगडी चौथरा गवतात आहे. टेकडीवर सेंट कॅथरिनचं जुनं छोटं चर्च आहे आणि तिथं जायला गवतातून १११ पायऱ्या आहेत. बाकी सगळं हिरवळीखाली.

नवं गाव जसंच्या तसं आहे. दोन घरांमधली चेस्टनटची झाडं फार मोठी झाली म्हणून १९५३ मध्ये काढली. घरं संरक्षित आहेत, त्यामुळे मालकालाही बाहेरून मनाला येईल तसा बदल करता येत नाही. ज्या घरात दोन मजूर कुटुंबं राहायची, तिथं आता बहुधा एकच कुटुंब राहतं. १९७३ मध्ये गावानं आपली दोनशे वर्षं साजरी केली. तेव्हापासून ठरावीक वर्षांनी रस्त्यावर जत्रा भरते आणि गावकरी अठराव्या शतकाचे कपडे घालून फिरतात.

वाडा बघायला जाणाऱ्याला चर्च दिसतं, कुरण दिसतं, ब्राऊनची झाडं दिसतात. ही झाडं लावताना त्यानं शंभर वर्षं पुढचा विचार केला होता आणि तो बरोबर ठरला. फक्त त्या चौथऱ्याजवळ थांबलं की लक्षात येतं, इथं आठवड्याचा बाजार भरायचा.

महत्त्वाची साल

९३३ – ॲथेलस्टनकडून धर्मस्थानाची स्थापना (सुमारे)
१३०९ – वीज पडून चर्च जळालं
१४९८ – मठाधिपतीचं दालन बांधलं
१५३९ – मठ बंद
१५४० – ट्रेगनवेलनं खरेदी केली
१७५२ – जोसेफ डेमर मालक झाला
१७६३ – ब्राऊनचं काम सुरू
१७७३–१७८० – नवं गाव बांधलं
१७८५ – शाळा ब्लँडफर्डला हलवली
१७८६ – गावाचं नवीन चर्च
१७९८ – डेमरचा मृत्यू
१८५२ – हॅम्ब्रोनं खरेदी केली
१९३२ – मालमत्तेची तुकड्यांनी विक्री
१९५४ – वाड्यात शाळा सुरू